वैद्यकसेवेच्या वाटेवरील पाठीराखे

ज्युबिलीचें वर्ष आलें म्हणजे धर्मग्रामाच्या जुन्या दप्तरांवरील धूळ झटकली जाते. मंदिराचा पाया कोणत्या सालीं घातला गेला, घंटा कोणीं दिली, शाळेचें छप्पर कोणत्या धर्मगुरूंच्या कारकीर्दींत बदललें, या सर्वांची नोंद अशा स्मरणग्रंथांत आदरानें केली जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु दगडविटांच्या कामाखेरीज आणखी एक बांधकाम प्रत्येक गांवांत चालू असतें; त्याची नोंद सहसा कोणत्याच वहींत सांपडत नाहीं. एखाद्या गरीब घरांतील मूल शिकतें, परिचारिका होतें, कंपाउंडर होतें, डॉक्टर होतें, आणि पुढें तीस-चाळीस वर्षें आजाऱ्यांच्या उशाशीं उभें राहतें. लोक त्या मुलाची बुद्धि वाखाणतात. त्याची फी कोणीं भरली, शहरांत त्याला कोणीं ठेवून घेतलें, "हें काम आपल्यासारख्यांचें नव्हे" असें सारे म्हणत असतां "तूं जा, आम्ही आहों" असें कोण म्हणालें, हें मात्र लवकरच विस्मृतींत जातें.

या लेखांत आम्ही अशाच कांहीं पाठीराख्यांचा इतिहास वाचकांपुढें ठेवणार आहों. गुणवंतास वाट आपोआप सांपडते, असें आपण सहज बोलून जातों. गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास मात्र तसें सांगत नाहीं. ज्यांच्या घरीं पैसा नव्हता, ज्यांच्या जातीस वा स्त्रीत्वास दवाखान्याचा दरवाजा बंद होता, त्यांच्यापैकीं जे कोणी त्या दरवाजाच्या आंत गेले, त्यांच्या मागें कोणी ना कोणी उभें होतें. हे पाठीराखे कोण होते, त्यांनीं नेमकें काय केलें, आणि कोठें ते कमी पडले, हें जाणून घेणें आपल्या उपयोगाचें आहे.

आरंभ आपल्याच भागापासून करूं. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालीं कल्याण येथें झाला. नवव्या वर्षीं लग्न झालें; चवदाव्या वर्षीं मूल झालें, आणि तें वैद्यकीय मदतीच्या अभावीं दहा दिवसांतच गेलें. या दुःखांतून त्यांनीं डॉक्टर होण्याचा निश्चय केला, हें मराठी वाचकांस ठाऊक आहे. पति गोपाळराव टपाल खात्यांत नोकरीस होते. त्यांनीं एका अमेरिकन मिशनऱ्यास साह्यार्थ पत्र लिहिलें. उत्तराचा आशय असा आला कीं, तुम्हीं ख्रिस्ती धर्म स्वीकारावा. गोपाळरावांनीं तें मानलें नाहीं. हा पत्रव्यवहार १८८० सालीं अमेरिकेंतील एका धार्मिक मासिकांत छापला गेला. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाई एके दिवशीं दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेलें तें मासिक त्यांनीं उचललें आणि तो मजकूर वाचला. त्यांनीं आनंदीबाईंस पत्र धाडलें. पत्रामागून पत्रें गेलीं, आणि एकमेकींस कधींही न पाहिलेल्या त्या दोघींमध्यें मावशी-भाचीचें नातें जडलें. १८८३ च्या एप्रिलमध्यें आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या. जूनमध्यें न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्यांस उतरवून घेण्यास याच कार्पेंटरबाई हजर होत्या. पुढें पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनीं त्यांस प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीची सोय केली. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाई एम. डी. झाल्या.

आम्हां ख्रिस्ती लोकांनीं या कथेंतील एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. एका ख्रिस्ती माणसाच्या मदतीस अट जोडलेली होती, आणि ती मदत शेवटीं झालीच नाहीं. दुसऱ्या ख्रिस्ती बाईनें अट घातली नाहीं. तिनें घराचें दार उघडलें. आनंदीबाई शेवटपर्यंत हिंदु राहिल्या आणि कार्पेंटरबाईंचें प्रेम तिळभरही उणें झालें नाहीं. दिलेल्या हाताच्या मोबदल्यांत कांहीं मागावयाचें नाहीं, हा पाठीराख्याचा पहिला धर्म होय.

परंतु याच कथेंत एक कडू धडाही आहे. अमेरिकेंतील थंडी, शाकाहारी अन्नाची टंचाई, अभ्यासाचा ताण, यांनीं आनंदीबाईंची प्रकृति पोखरून काढली. क्षयानें ग्रासलेल्या शरीरानिशीं त्या परत आल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांस देऊं केलेली होती. ती स्वीकारून काम करण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. बाविसावा वाढदिवसही त्यांनीं पाहिला नाहीं. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाकडे गेली आणि न्यूयॉर्क प्रांतांतील पोकिप्सी येथील त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमींत ती विसावली. विद्यार्थ्याची फी भरली, पुस्तकें दिलीं, म्हणजे कर्तव्य संपलें असें नव्हे. तो जेवतो काय, झोंपतो काय, आजार लपवितो काय, हें विचारणारेंही कोणी जवळ लागतें. परगांवीं शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींस हा प्रश्न आपण किती वेळां विचारतों?

त्याच काळांत पुण्यामध्यें दुसरें एक मूल वाढत होतें. काशीबाई नांवाच्या एका विधवेस फसवणुकींतून दिवस गेले. त्या काळीं अशा स्त्रीस बहुधा दोनच मार्ग उरत: विहीर किंवा भ्रूणहत्या. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं तिला आपल्या आश्रयास घेतलें. तिच्या पोटीं झालेला मुलगा त्या निपुत्रिक दांपत्यानें १८७४ सालीं आपला म्हणून वाढविला आणि त्याचें नांव यशवंत ठेवलें. समाजाच्या दृष्टीनें ज्या मुलास नांव नव्हतें, कुळ नव्हतें, त्यास त्यांनीं आपलें नांव दिलें आणि डॉक्टर केलें. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगचा कहर झाला, तेव्हां डॉ. यशवंतांनीं शहराबाहेर हडपसरकडील बाजूस प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना घातला. आई सावित्रीबाई स्वतः रोगी आणून तेथें पोंचवीत. अशाच एका आजारी मुलास पाठीवर घेऊन आणतांना त्यांस संसर्ग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांनीं देह ठेवला. बहिष्कृतांच्या मुलांस ज्या बाईंनीं अक्षरें शिकविलीं, त्यांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्याबरोबर रोग्यांची शुश्रूषा करणारा डॉक्टरही त्यांनींच घडविलेला होता.

तिसरें उदाहरण रखमाबाईंचें. त्यांचा जन्म १८६४ सालीं मुंबईंत सुतार जातींतील कुटुंबांत झाला. वडील लहानपणींच वारले. आईनें दुसरें लग्न डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं केलें. हे सावत्र वडील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवीत, आणि मुलीच्या वाचनास त्यांनीं उत्तेजन दिलें. अकराव्या वर्षीं रखमाबाईंचें लग्न दादाजी भिकाजी यांच्याशीं झालें होतें. वयांत आल्यावर त्यांच्या घरीं जाण्यास रखमाबाईंनीं नकार दिला. दादाजींनीं १८८४ सालीं कोर्टांत धांव घेतली. १८८५ मध्यें न्यायमूर्ति पिन्हे यांनीं निकाल रखमाबाईंच्या बाजूनें दिला. परंतु १८८७ च्या मार्चमध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं नवऱ्याकडे जा नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम केला. तुरुंग पत्करीन, असें त्यांनीं कळविलें. शेवटीं १८८८ मध्यें दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि त्या मोकळ्या झाल्या.

पण मोकळें होणें आणि उभें राहणें यांत फार अंतर आहे. चोवीस वर्षांची, समाजानें वाळींत टाकल्यासारखी स्त्री. पुढें काय करावयाचें? येथें डॉ. एडिथ पीची यांनीं हात दिला. या बाई १८८३ च्या अखेरीस विलायतेहून मुंबईस आल्या होत्या, आणि पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगींतून उभ्या राहिलेल्या कामा रुग्णालयाच्या त्या प्रमुख होत्या. त्यांस स्वतःस बंद दारांचा चांगला अनुभव होता. १८७० सालीं एडिंबरो विद्यापीठांत रसायनशास्त्राच्या परीक्षेंत नव्यानें बसलेल्या विद्यार्थ्यांत त्या पहिल्या आल्या, आणि केवळ स्त्री म्हणून त्यांच्या हक्काची शिष्यवृत्ति दुसऱ्यास देण्यांत आली. रखमाबाईंस त्यांनीं डॉक्टर होण्याचा मार्ग सुचविला, धीर दिला, आणि त्यासाठीं लागणारा पैसा उभा करण्यास साह्य केलें. १८८९ सालीं रखमाबाई लंडनच्या स्त्री-वैद्यकीय शाळेंत शिकावयास गेल्या. १८९४ मध्यें शिक्षण पुरें करून त्या परतल्या. सुरतेच्या रुग्णालयांत आणि पुढें राजकोटांत मिळून सुमारें पस्तीस वर्षें त्यांनीं स्त्रियांची सेवा केली. १९२९ पर्यंत त्या काम करीत होत्या, आणि १९५५ सालीं त्या निवर्तल्या. ज्या स्त्रीस एका कोर्टानें तुरुंगाची भीति घातली, तिच्या हातीं गुजराथेंतील किती बालकें सुखरूप जन्मलीं, याचा हिशेब कोण करील?

रखमाबाई लंडनमध्यें असतांना त्यांच्या पाठीशीं उभ्या राहिलेल्यांत वॉल्टर मॅक्लारेन हे पार्लमेंटचे सभासद व त्यांच्या पत्नी ईव्हा हीं दोघें होतीं. या वॉल्टर मॅक्लारेन यांची सावत्र बहीण ॲग्नेस. तिच्या नांवापाशीं हा इतिहास आपल्या ख्रिस्तसभेच्या अंगणांत येतो, आणि तो आपल्या लोकांत फारसा सांगितला जात नाहीं. म्हणून तो येथें जरा विस्तारानें देतों.

ॲग्नेस मॅक्लारेन १८३७ सालीं एडिंबरो येथें जन्मल्या. वडील डंकन मॅक्लारेन हे त्या शहराचे पार्लमेंटांतील प्रतिनिधि. घर प्रेस्बिटेरियन पंथाचें. ज्या गांवच्या विद्यापीठानें एडिथ पीची व त्यांच्या मैत्रिणींस दार लावून घेतलें, त्याच गांवच्या या. डॉक्टर होण्यासाठीं त्यांस फ्रान्समधील माँपेलिये विद्यापीठांत जावें लागलें. तेथें त्या फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या मठांत उतरल्या. १८७८ सालीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, त्या डॉक्टर झाल्या आणि पुढें कान येथें त्यांनीं दवाखाना चालविला. साठी उलटल्यावर, १८९८ सालीं, त्यांनीं कॅथोलिक धर्म स्वीकारला. त्यानंतर कांहीं वर्षांनीं त्यांस हिंदुस्थानच्या वायव्य भागांतील हकीकत कळली: रावळपिंडीकडील पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरास हात लावूं देत नाहींत, आणि म्हणून बाळंतपणांत व साध्या दुखण्यांतही त्या मरतात. ॲग्नेसबाईंनीं लंडनमध्यें एक समिति स्थापिली. १९०९ सालीं रावळपिंडी येथें सेंट कॅथरिनच्या नांवानें स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं रुग्णालय उघडलें. बहात्तर वर्षांच्या या बाई तें पाहण्यास स्वतः हिंदुस्थानांत आल्या.

रुग्णालय झालें, पण डॉक्टर मिळेना. धर्मभगिनी शुश्रूषा करीत. परंतु वैद्यकीचा, विशेषतः बाळंतपणाचा, व्यवसाय संन्यस्त लोकांनीं करूं नये असा ख्रिस्तसभेचा जुना निर्बंध होता. तो घालण्यांत आला त्या काळीं त्यास कांहीं कारण असेल. विसाव्या शतकांत मात्र त्याचा परिणाम असा होई कीं, जी बाई जन्मभर सेवेस वाहून घेण्यास तयार होती, तिलाच औषध देण्याचा अधिकार नव्हता. ॲग्नेसबाईंनीं पुनःपुनः रोमच्या वाऱ्या करून हा निर्बंध दूर करण्याविषयीं अर्ज केले. त्यांच्या हयातींत तो दूर झाला नाहीं. मग त्यांनीं दुसरा उपाय केला: डॉक्टर होऊन हिंदुस्थानांत जाईल अशी एखादी तरुणी शोधावयाची.

ऑस्ट्रियांतील टिरोल प्रांताच्या डोंगरी भागांत, स्टीग नांवाच्या लहान गांवीं, १८९२ सालीं ॲना डेंगल जन्मली. लहानपणींच तिची आई वारली. रावळपिंडीच्या स्त्रियांची ही हकीकत तिच्या कानीं आली आणि तिनें ॲग्नेसबाईंस पत्र लिहिलें. वृद्ध डॉक्टरीण आणि खेड्यांतील ही मुलगी यांची भेट कधींच झाली नाहीं. जें कांहीं झालें तें पत्रांतून. पण त्या पत्रांत नुसता आशीर्वाद नव्हता. हिंदुस्थानांत इंग्रजांचें राज्य आहे. तेथें काम करावयाचें तर ब्रिटिश राज्यांत मान्य असलेली पदवी हवी. तरी आयर्लंडांतील कॉर्क येथें जा, अशी नेमकी सल्ला त्यांत होती. ज्याच्या घरांत पूर्वीं कोणीही शिकलें नाहीं, त्यास पैशाइतकीच अशा माहितीची वाण असते. कोणती पदवी कोठें चालते, कोणता अर्ज केव्हां करावा, हें ठाऊक नसल्यामुळें किती हुशार मुलें चुकीच्या वाटेस लागतात! ॲग्नेसबाईंचें एक पत्र कित्येक वर्षांची वणवण वांचवून गेलें.

१९१३ सालीं ॲग्नेसबाई वारल्या. लावलेलें रोप त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं. दुसऱ्या वर्षीं ॲना कॉर्कच्या महाविद्यालयांत दाखल झाली. तेवढ्यांत महायुद्ध पेटलें आणि ती ऑस्ट्रियन असल्यामुळें शत्रुराष्ट्राची प्रजा ठरली. तशा परिस्थितींत भाषा परकी, माणसें परकीं, आणि पाठीराखी थडग्यांत, असें असूनही १९१९ सालीं ती डॉक्टर झाली, आणि १९२० मध्यें रावळपिंडीस येऊन पोंचली. चार वर्षें तिनें काम ओढलें आणि ती थकून गेली. एकट्या माणसाच्या अंगावर टाकलेलें सेवाकार्य त्या माणसास संपवितें, हें तिला कळून चुकलें. म्हणून १९२५ सालीं वॉशिंग्टन येथें तिनें आणखी तिघींच्या साथीनें 'मेडिकल मिशन सिस्टर्स' या नांवानें पुढें ओळखला गेलेला संघ स्थापन केला. चौघींपैकीं दोघी डॉक्टर आणि दोघी परिचारिका. निर्बंध कायम असल्यानें त्यांस आरंभीं जाहीर व्रतें घेतां आलीं नाहींत. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं रोमहून आज्ञापत्र निघालें, आणि धर्मभगिनींस वैद्यकी, शस्त्रक्रिया व बाळंतपण यांची मोकळीक मिळाली. इतकेंच नव्हे, तर त्यांनीं त्या विद्येच्या पदव्या घ्याव्या असें उत्तेजन मिळालें. ॲग्नेसबाईंच्या मृत्यूस तेव्हां तेवीस वर्षें झालीं होतीं. आज आपल्या आजारपणांत पांढऱ्या वेषांतील जी डॉक्टर-सिस्टर आपली नाडी पाहते, तिच्या हाताच्या मोकळेपणामागें या एका म्हाताऱ्या बाईच्या निष्फळ वाटलेल्या वाऱ्या आहेत.

ॲग्नेसबाईंची दुसरी शिष्या तर त्यांस ठाऊकही नव्हती. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत १८८७ सालीं मेरी ग्लोरी या जन्मल्या. शिष्यवृत्त्या मिळवीत त्या शिकल्या आणि १९१० मध्यें मेलबर्न विद्यापीठांतून डॉक्टर झाल्या. व्यवसाय उत्तम चालूं लागला होता. १९१५ च्या ऑक्टोबरमध्यें त्यांच्या हातीं ॲग्नेस मॅक्लारेन यांच्या कार्यासंबंधीं एक लहानशी पुस्तिका आली. ती वाचून त्यांनीं आपल्या आयुष्याची दिशा ठरविली. १९२० च्या फेब्रुवारींत त्या आंध्रांतील गुंटूर येथें आल्या आणि येशू-मरिया-योसेफ यांच्या नांवाच्या धर्मभगिनी-संघांत दाखल झाल्या. रोमहून खास परवानगी मिळाल्यामुळें संन्यस्त असूनही त्यांस वैद्यकी करतां आली.

गुंटूरास सिस्टर मेरींनीं जें केलें त्यांतील एक गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. रोगी अगणित आणि डॉक्टर एक, अशी स्थिति होती. एखादीनें स्वतःच रात्रंदिवस राबून त्यांतच धन्यता मानली असती. सिस्टर मेरींनीं आसपासच्या मुलींस हाताशीं धरलें आणि त्यांस औषधें तयार करणें, बाळंतपण करणें, रोग्याची शुश्रूषा करणें हें शिकविलें. एका डॉक्टराचे दोन हात होते, त्यांचे अनेक झाले. १९४३ सालीं त्यांच्याच पुढाकारानें हिंदुस्थानांतील कॅथोलिक रुग्णालयांची संघटना उभी राहिली आणि त्या तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. कॅथोलिकांचें स्वतःचें वैद्यकीय महाविद्यालय असावें हें त्यांचें स्वप्न होतें. १९५७ सालीं त्या बंगलोरास वारल्या. १९६३ सालीं त्याच शहरांत सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. येथेंही पुन्हा तेंच: पेरणारा एक, कापणारा दुसरा.

डॉक्टरांचीच कथा सांगून थांबलों तर ती अपुरी राहील. रुग्णालय उभें असतें तें परिचारिकांच्या खांद्यावर. आपल्या देशांत हें काम दीर्घकाळ हलकें मानलें गेलें. परक्याच्या अंगास हात लावावयाचा, मलमूत्र काढावयाचें, रात्रपाळी करावयाची, म्हणून उच्चवर्णीय घरांतील बायका त्याकडे वळत नसत. पुण्यास रमाबाई रानडे यांनीं गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्यानें १९०९ सालीं सेवासदन सुरू केलें, तेव्हां त्यांनीं याच पूर्वग्रहास हात घातला. विधवा व निराधार स्त्रियांस त्यांनीं ससून रुग्णालयांत परिचारिकेचें व सुइणीचें शिक्षण मिळवून दिलें, राहण्याची सोय केली, आणि लोकांच्या बोलण्यापुढें स्वतःची प्रतिष्ठा ढालीसारखी धरली. माधवराव रानडे यांच्या पत्नीनें ज्या कामास मान दिला, त्यास हलकें म्हणण्यास जीभ कचरूं लागली. विद्यार्थ्यास पैसा एक वेळ दूरचा मनुष्यही देईल. पण त्याच्या कामास प्रतिष्ठा देणें हें त्याच्या जवळच्याच समाजाच्या हातीं असतें.

आम्हां ख्रिस्ती लोकांस हें काम कधीं हलकें वाटलें नाहीं, आणि आमच्या मुलींनीं पिढ्यान्‌पिढ्या देशांतील रुग्णालयें सांभाळलीं, याचा आम्हांस न्याय्य अभिमान आहे. तथापि अभिमानाबरोबर एक प्रश्नही स्वतःस विचारावा. कामावरून थकून आलेल्या परिचारिकेस आपण खरोखर मान देतों काय? कीं लग्नाच्या बोलण्यांत "रात्रपाळीची नोकरी आहे" म्हणून अजूनही नाक मुरडतों?

या साऱ्या इतिहासाकडे एकत्र पाहिलें म्हणजे कांहीं गोष्टी स्पष्ट दिसतात. प्रत्येक ठिकाणीं मदत वेळेवर आली. रखमाबाईंसाठीं पैसा त्यांचा निश्चय ताजा असतांनाच उभा राहिला. प्रत्येक ठिकाणीं राहण्यास छप्पर मिळालें. रोझेलमधील घर, माँपेलियेचा मठ, पुण्यांतील सेवासदन. वाट ठाऊक असलेल्या माणसानें ती न ठाऊक असलेल्यास नेमकी दाखविली. आणि बहुतेक पाठीराखे स्वतः केव्हांतरी अडविले गेलेले होते: पीचीबाईंची शिष्यवृत्ति हिरावली गेली, ॲग्नेसबाईंस देश सोडून शिकावें लागलें, फुले दांपत्यास लोकांनीं शेणगोळे मारले. आपल्या वाट्यास आलेला अन्याय कांहीं लोक मनांत साठवितात. यांनीं तो दुसऱ्याच्या वाटेंतून दूर केला.

आतां आपल्या धर्मग्रामाकडे वळूं. आपल्यांत शेतकरी आहेत, कोळी आहेत, रोजंदारीवर जाणारे आहेत. त्यांच्या घरांत बुद्धीची वाण नाहीं. पण वैद्यकीय शिक्षणाची परीक्षा, तिच्या तयारीचे महागडे वर्ग, अर्जांच्या तारखा, दाखले, हें सर्व त्यांस परक्या मुलखासारखें आहे. प्रवेशाच्या यादींत नांव लागतें, आणि पैसे भरण्याची मुदत चार-पांच दिवसांची असते. त्या चार-पांच दिवसांत बाप शेत गहाण ठेवण्याची खटपट करतो, आई कानांतलें काढून देते; तरीही जमलें नाहीं तर जागा दुसऱ्यास जाते. त्या रात्रीं त्या घरांत काय होतें, हें आपण कोणीही पाहत नाहीं. दुसऱ्या वर्षीं ती मुलगी दुकानांत हिशेब लिहितांना दिसते, आणि आपण म्हणतों, "हुशार होती, पण नशीब नव्हतें." तें नशीब नसून आपली चार दिवसांची अनुपस्थिति असते.

यास्तव आमच्या कांहीं नम्र सूचना आहेत. धर्मग्रामाच्या एखाद्या मंडळाच्या हातीं थोडी रक्कम सदैव तयार असावी, जी अर्ज-चौकशींत महिना न दवडतां आठवड्याच्या आंत देतां येईल. आपल्यांतील जे डॉक्टर, परिचारिका, औषध-विक्रेते, प्रयोगशाळेंत काम करणारे आहेत, त्यांपैकीं प्रत्येकानें एकेका विद्यार्थ्याचें पालकत्व पत्करावें. महिन्यांतून एकदां त्याच्याशीं बसावें, त्याच्या अभ्यासाबरोबर त्याच्या जेवणाखाण्याचीही चौकशी करावी. शहरांत ज्यांचीं घरें आहेत त्यांनीं एक कोपरा मोकळा ठेवावा. ज्यास मदत होईल त्याजकडून कर्जरोखा लिहून घेऊं नये; पण स्वतःच्या पायावर उभें राहिल्यावर दुसऱ्या एकाचा हात धर, एवढें त्याच्या कानीं जरूर घालावें. ही मदत केवळ आपल्याच वेशींत अडवूं नये. शेजारच्या पाड्यावरील आदिवासी मुलगीही तिची तितकीच हक्कदार आहे. कार्पेंटरबाईंनीं आनंदीबाईंचा धर्म विचारून दार उघडलें नव्हतें.

आणखी एक. ज्युबिलीनिमित्त एक नवी वही घालावी. देणगीदारांच्या याद्या असतातच. या वहींत मात्र आपल्या धर्मग्रामांतून रोग्यांच्या सेवेस कोण गेलें, आणि त्यांस कोणीं कोणीं हात दिला, हें लिहावें. वडीलधारी मंडळी हयात आहेत तोंवर त्यांजकडून हें विचारून घ्यावें. कोण्या शिक्षकानें संध्याकाळीं फुकट शिकविलें, कोण्या धर्मगुरूंनीं शिफारसपत्र घेऊन शहराच्या पायऱ्या झिजविल्या, कोण्या शेजारणीनें रोज डबा पाठविला, तीं नांवें त्यांच्याबरोबरच जाऊं देऊं नयेत. पुढील ज्युबिली साजरी करणाऱ्या पिढीस मंदिराच्या पायाच्या तारखेइतकीच त्यांची गरज लागेल.

आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांस आणि त्यांस त्या वाटेवर आणून सोडणाऱ्यांस परमेश्वर दीर्घायुष्य देवो. आणि येत्या जूनमध्यें आपल्यापैकीं ज्या मुलामुलींचे निकाल लागतील, त्यांच्या दारीं त्या आठवड्यांत आपल्यांतील कोणीतरी जाऊन उभें राहो, एवढीच आमची प्रार्थना आहे.